न वापरलेल्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

पोचलो एकदाचे दवनीवाड्यात. गोंदियाहून सामान भरलेला छोटा हत्ती टेम्पो दहाच्या आत इथं लागला आणि उतरल्याबरोबर रुचिने जाहीर केलं की हे गाव तिला पसंत आहे, कारण समोरच्या घरी बकरीला दोन पिल्लं झाली आहेत. मला पसंत पडायला एवढं पुरत नाही, पण खोल्या चांगल्या आहेत. शामकलाबाईंच्या घराच्या मागच्या दोन खोल्या, वेगळं दार, अंगणात नळ. ओसरीत त्यांचे सासरे, सुकरामबाबा, खाट टाकून बसलेले असतात. ऐंशीच्या वरचे आहेत. पहिल्या अर्ध्या तासात त्यांनी मला निम्म्या गावाची माहिती दिली आणि रुचिला शेंगदाणे. चार मुलांची नावं सांगून शाळेत कोणाशी भांडायचं नाही, तेही सांगून टाकलं.

खुशालने रायपूरहून दोनदा फोन केला. ट्रान्सपोर्टच्या कामातून त्याला रविवारीच सुटी मिळते, त्यामुळे घर लावायचं काम नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात. कपाटाच्या दाराला आतून त्याने पेन्सिलने लिहिलेले त्याचे सगळे पासवर्ड आहेत. कपाट गावोगाव फिरतं, पासवर्ड त्याच्यासोबत. सात वर्षं मी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवलं आणि नवरा असा. त्याच्या कोणत्याच गोष्टीला संगणकात जागा नाही, म्हणे त्याचा भरवसा नाही.

उद्यापासून कामावर. इंद्रकुमारभाऊंचं खत-बियाण्याचं दुकान आहे, त्याला लागून त्यांचं ऑनलाइन सेंटर. मनासारखी नोकरी आहे. मला खरंच आनंद झाला आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सेंटर म्हणजे एक खोली, एक संगणक, प्रिंटर, अंगठ्याचं यंत्र आणि बाहेर एक बाकडं. नोव्हेंबर असल्याने हयातीच्या दाखल्यासाठी म्हाताऱ्यांची रांग होती. लोक धान कापणी सोडून आलेले, घाईत.

इथली कामाची रीत पाहून मी कपाळावर हात मारला. गावातल्या चारशेवर लोकांची खाती, पेन्शन, पीक विमा, शिष्यवृत्ती, सगळी याच एका ब्राउझरमध्ये जतन केलेली आहेत. आणि सगळ्यांचा पासवर्ड एकच, गावाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. कोणाला स्वतःचा पासवर्ड माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचाही नाही. ते येतात, नाव सांगतात, अंगठा देतात. लक्षात ठेवायचं काम खुर्चीवरच्या माणसाचं. मी नावाचं पहिलं अक्षर दाबलं की बाकी सगळं ब्राउझर भरतो. विद्यार्थ्याने असं केलं असतं तर मी त्याला शून्य दिलं असतं, पण रांग भराभर पुढे सरकते हे कबूल करायला हवं.

ब्राउझरच्या कोपऱ्यात अपडेटचा लाल बाण होता. कित्येक वर्षांचं जुनं व्हर्जन. आणि मॉनिटरला एक चिठ्ठी चिकटवलेली, वळणदार अक्षरात: अपडेट करू नये, कधीच. भाऊंना विचारलं, हे कोणी लिहिलं. त्यांना माहीत नव्हतं. माझ्याआधी इथं कोण होतं, असं विचारलं, तर भाऊ म्हणाले, मीच चालवत असेन. भाऊ फोनवर नंबर लावतात तोही एका बोटाने, चष्मा वर करून.

चिठ्ठी काढली, अपडेट टाकलं. मग माझ्या स्वतःच्या खात्याने लॉगिन केलं आणि सिंक सुरू केलं, म्हणजे इथलं सगळं माझ्या फोनवरही दिसेल आणि माझं इथं. एखाद्या पोराला आंघोळ घालून स्वच्छ कपडे चढवावेत तसं वाटलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

रुचिचा शिष्यवृत्ती परीक्षेचा फॉर्म भरला. बाहेर आठ माणसं थांबलेली, म्हणून तिचा पासवर्डही गावाचाच ठेवला. आता ती पण दवनीवाड्याची झाली. पत्ता, मोबाइल नंबर ब्राउझरने आपोआप भरले, मी फक्त ओके दाबलं. नंतर बदलेन.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज ब्राउझरने स्वतःहून सुरक्षा तपासणी केली. निकाल अपेक्षेप्रमाणे: सगळ्यांचे पासवर्ड कमकुवत, सगळ्यांचे सारखे, सगळे लीक झालेले. प्रत्येक नावापुढे लाल खूण आणि दोन पर्याय, बदला किंवा काढून टाका.

सगळे बदलायला महिना लागेल. आज फक्त दोन नोंदी काढल्या, सुकरामबाबांची आणि मुन्नालाल नावाच्या एका शेतकऱ्याची. दोघांच्या पेन्शनची जुनी साइट बंद पडली आहे, तेव्हा त्या नोंदीचा काही उपयोग नव्हता. बाबांना संध्याकाळी सांगितलं की तुमचं नवीन खातं काढून देते. त्यांनी मान हलवली, पण मला नीट ओळखलं असं वाटलं नाही. वय झालंय.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी शामकलाबाईंच्या आवाजाने बाहेर आले. त्या ओसरीत सुकरामबाबांच्या समोर उभ्या होत्या.

“कोन आय हा बुढा? आमच्या ओसरीत काऊन बसून राहिला?”

मला आधी वाटलं, सासऱ्याची थट्टा करतायत. मग त्यांचा चेहरा पाहिला. मी म्हटलं, अहो, तुमचे सासरे ना हे. त्यांनी मला वेड्यात काढलं. शांतपणे म्हणाल्या, मले सासराच नोहोता कधी. तेवढ्यात त्यांचे यजमान, म्हणजे बाबांचे सख्खे चिरंजीव, शेतावरून आले. त्यांनीही तेच सांगितलं आणि वर मलाच विचारलं की मॅडम, तुमच्या ओळखीचे आहेत का.

बाबांना नाव विचारलं तर ते आठवत बसले. इथलाच आहे, एवढंच म्हणत राहिले. घरच्यांनी त्यांना भिकाऱ्याला द्यावा तसा चहा दिला आणि फाटकाबाहेर काढलं. रुचि माझ्या मागे लपून विचारत होती, मम्मी, हे कोण आहेत. परवापर्यंत ती त्यांच्या खाटेवर बसून शेंगदाणे खात होती.

मी सेंटर उघडायच्या घाईत होते. त्यांच्यामागे गेले नाही. मला लाज वाटते आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार

एसटी थांब्यावर चौकशी केली. एक म्हातारा कालच्या कुठल्यातरी गाडीत बसून गेला, कुठं ते कोणी सांगत नाही.

मग डोक्यात आलं ते येऊ नये असं वाटत असतानाच मी मुन्नालालचं घर शोधत गेले. त्यांच्या बायकोने, चंद्रावतीबाईंनी, अंगणात धानाचे भारे रचायला घेतले होते. मी मुन्नालाल आहेत का विचारलं. असं कोणी इथं राहत नाही, म्हणाल्या. तुमचे यजमान, म्हटलं. त्या हसल्या, लग्न झालंच नाही म्हणाल्या. गळ्यात मंगळसूत्र होतं. मी बोट दाखवलं तेव्हा त्यांनी ते हातात धरून नीट पाहिलं, पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं.

“काय मालूम. लहानपणापासून असंल.”

धावत सेंटरवर आले. दोघांची नावं पुन्हा भरली, जुन्या कागदांवरून आधार क्रमांक टाकले. दोन्ही वेळा एकच उत्तर, अशी व्यक्ती आढळली नाही.

दोन माणसं मी काढली. एका क्लिकला एक. मला एकटीलाच ती आठवतात, कदाचित या खात्यात लॉगिन मी आहे म्हणून.

१० नोव्हेंबर, सोमवार

रविवारी खुशाल येऊन गेला. त्याला सांगितलं. त्याने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

आज उघडल्याबरोबर नवीन अपडेटची माहिती आली. डाउनलोड झालेलं आहे, फक्त ब्राउझर पुन्हा सुरू व्हायची वाट पाहतंय. नवीन काय, ते वाचलं. शब्दाला शब्द उतरवून ठेवते: “तुमच्या सुरक्षेसाठी यापुढे धोकादायक आणि न वापरलेल्या नोंदी टप्प्याटप्प्याने आपोआप काढल्या जातील. तुम्हाला काहीही करावं लागणार नाही.”

यादी वर-खाली केली. अक्षरवार लावलेली आहे. अ पासून ह पर्यंत सगळं गाव, प्रत्येकापुढे लाल खूण. र वर आले. रुचि. तिच्यापुढेही लाल खूण.

तिचा पासवर्ड लगेच बदलायला घेतला. बदलायला ओटीपी लागतो. ओटीपी मोबाइलवर पाठवला आहे, असं आलं. माझ्या फोनवर काही नाही. नंबर पाहिला तर शेवटचे चार आकडे माझे नाहीत. त्या दिवशी ब्राउझरने आपोआप भरला तो सेंटरचा जुना नंबर, सगळ्या गावाच्या खात्याला असलेला. मी फक्त ओके दाबलं होतं.

त्या नंबरवर फोन लावला. हा नंबर अस्तित्वात नाही. भाऊ म्हणतात असा नंबर त्यांच्याकडे कधी नव्हताच. माझ्याआधी या खुर्चीवर जो कोणी बसायचा, त्याचा असणार.

११ नोव्हेंबर, मंगळवार

न वापरलेल्या नोंदी काढणार असं लिहिलंय. मग वापरायच्या. सकाळी सातपासून मी एकेकाच्या नावाने लॉगिन करते आहे, उघडते, बाहेर येते, पुढचं नाव. रांगेतल्यांना परत पाठवलं. लोक चिडले. करू देत. सहा-सात नावं झाली की मध्ये रुचिचं. दुपारपर्यंत दोनशे झाली असतील. मग साइटनेच मला अडवलं: तुम्ही यंत्र आहात असं वाटतं, चोवीस तासांनी प्रयत्न करा.

रांगेत उभी असलेली एक बाई म्हणाली, मॅडम, तुम्ही रडून काऊन राहिल्या. मला कळलंच नव्हतं.

लाल खूण एकही कमी झाली नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

संगणक बंद होऊ द्यायचा नाही एवढंच ठरवलं होतं. ब्राउझर बंद झाला नाही तर अपडेट लागणार नाही. साडेअकराला लाइट गेली. यूपीएस ओरडायला लागला. मी शेजारच्या पिठाच्या गिरणीत धावले, जनरेटरची वायर मागितली, वायर आणेपर्यंत पडदा काळा.

लाइट आल्यावर उघडलं. अपडेट झालं, धन्यवाद.

यादी आता क पासून सुरू होते. अ, आ, इ, उ, सगळे गेले. बाहेर इंद्रकुमारभाऊ त्यांच्याच दुकानाच्या पायरीवर उभे होते. हातात किल्ल्यांचा जुडगा. मी हाक मारली तर वळले नाहीत. एका गिऱ्हाइकाने त्यांना बाजूला व्हायला सांगितलं, ते झाले. मग किल्ल्या पायरीवर ठेवून चालायला लागले, कामठ्याच्या रस्त्याने. मी हात धरला. त्यांनी तो हळूच सोडवला, परक्या बाईचा सोडवावा तसा.

बाण पुन्हा आला आहे. हिरवा.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

नेटची वायर उपटली. उपयोग नाही, पुढचं आधीच उतरलेलं आहे. संगणक फोडावा म्हणून वरवंटा घेऊन गेले. मग फोन पाहिला. तीच यादी, त्याच लाल खुणा. सिंक. मीच चालू केलं होतं. फोडून काय फोडणार.

एक वाजता स्वतःच बंद झाला, स्वतःच सुरू झाला.

यादी ट पासून.

म्हणजे क, ख, ग, च, ज — चंद्रावतीबाईंच्या अंगणात भारे तसेच पडले आहेत. घर उघडं. शाळेतून रुचि सांगत आली की वर्गात अकराच मुलं आहेत. नेहमी किती असतात विचारलं. म्हणाली, अकराच.

तिला कुशीत घेतलं. ती म्हणाली, मम्मी, सोड, दुखतंय.

गाव सोडून जाऊ? पण नाव तर इथंच — फोनमध्ये — कुठंही —

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी पुन्हा. यादी आता प पासून. धनेंद्र दूधवाला आला नाही, आणि कोणालाच त्याची आठवण नाही.

प, फ, ब, मग भ. भ म्हणजे मी. भूमेश्वरी. माझं खातंही लाल खुणेचंच. भ च्या नंतर म, मग र. म्हणजे आधी मी जाणार. मग माझ्यामागे र चा नंबर येईल तेव्हा ते थांबवायला कोण असेल? कोणीच नाही. रुचि रस्त्यावर उभी असेल आणि तिला कोणी —

नाही.

सेटिंग्ज सगळ्या वाचल्या. एकही ओळ सोडली नाही. एकदम तळाशी आहे: मुख्य वापरकर्ता काढून टाका. मुख्य वापरकर्ता म्हणजे मी, चार तारखेला लॉगिन केलेली. त्याखाली बारीक अक्षरात, मुख्य वापरकर्ता नसल्यास तपासणी आणि अपडेट थांबतील, जतन केलेल्या नोंदी आहेत तशा राहतील. शेजारी आधीच्या वापरकर्त्याचा करडा गोल. त्यावर नाव नाही.

त्याने हेच केलं होतं. स्वतःला काढून टाकलं, म्हणून गाव राहिलं. इतकी वर्षं. आणि मी आले आणि चार मिनिटांत —

त्याचं नाव काय होतं, कोणालाच माहीत नाही. त्याच्याही घरी कोणीतरी असेल.

मला मरायची एवढी भीती वाटली नसती. मेलेल्या आईचा फोटो तरी लावतात. रुचिला आई नव्हतीच असं होईल. तिच्या तापात मी जागले ते कोण जागलं असेल तिच्या मते. मला हे सहन होत नाही. पण दुसरं तर त्याहून —

१५ नोव्हेंबर, शनिवार

खुशालला फोन केला. आज संध्याकाळच्या आत ये, लेकीला घेऊन जा. शाळेचं नाव, वर्ग, शामकलाबाईंचा नंबर, सगळं त्याला कागदावर लिहायला लावलं. पेन्सिलने लिहिलं म्हणाला. बरं झालं. तू कुठं जाऊन राहिली, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, कुठंच नाही.

शामकलाबाईंना सांगितलं, शाळा सुटल्यावर रुचिला जेवू घाला, तिचे बाबा येईपर्यंत तिच्याकडे पाहा. म्हणाल्या, कायले चिंता करता, माहीच पोरगी समजा.

सकाळी वेण्या घातल्या. घातल्या, सोडल्या, पुन्हा घातल्या. ती ओरडली, शाळेला उशीर होतोय. गेली. वळून नाही पाहिलं. रोजच्यासारखीच गेली.

तिला चिठ्ठी लिहून ठेवावी का. काय लिहू. तुला आई होती? तिला खोटं वाटेल, नाही तर आयुष्यभर शोधत बसेल. नको.

अकरा वाजत आले. बाण लाल झालाय.

रुचि, मला भीती वाटते गं. खूप वाटते.

दाबलं.

काही झालं नाही.

यादी तशीच आहे. र वर रुचि आहे. खूण गेली. बाण गेला. राहिली — माझी रुचि राहिली —

पंखा चालू आहे. बाकड्यावर कोणी नाही. मघाशी फोन कोणाला केला होता, आता — रायपूरला? तिथं कोण

या वहीत कोणाचं तरी अक्षर आहे. लिहिणारी मीच आहे, म्हणजे माझंच असावं. मागची पानं वाचली. कोणातरी बाईचं फार वाईट झालं आहे.

दारात एक मुलगी उभी आहे. शाळेचा गणवेश, घट्ट दोन वेण्या. आत येत नाही, जातही नाही. कोणाची गं तू, विचारलं. खुशाल बाबांची, म्हणाली. ते संध्याकाळी येणार आहेत. मग इथं कायले आलीस, विचारलं, तर तिला सांगता येईना. शाळा सुटली आणि पाय इकडेच वळले म्हणते. तिच्या डोळ्यांत पाणी आहे. माझ्याही. का ते मला — वेण्या किती छान घातल्या आहेत कोणीतरी — ती विचारते आहे, मॅडम, मी तुमच्याजवळ थोडा वेळ बसू का, मला इथं